लुकलुकणारं पान: मिहानमध्ये नव्यानं रुजू झालेल्यांसाठी

ऑटोमोटिव्ह चौकात मेट्रो धरून तुम्ही खापरीला उतरलात, गळ्यात ओळखपत्र अडकवलंत आणि मिहानमधल्या टीसीएस, इन्फोसिस, एचसीएल किंवा एखाद्या लहानशा कंपनीत रुजू झालात. नवशिक्याच्या पदरात हमखास पडणारं तिकीट असं: ‘डॉक्युमेंट व्ह्यूअर रिफ्रेश केला की स्क्रीन लुकलुकते.’ घाबरू नका.

आधी ‘माझ्या मशीनवर होत नाही’ असं लिहून तिकीट परत धाडा. ते फिरून आलं की मॉनिटर बदलायला सुचवा. तरी ग्राहक ऐकेना, तर डोळे तपासून घ्या म्हणा. एम्स मिहानमध्येच आहे; ग्राहक शिकागोत असला तर त्याला तुमचा नाइलाज आहे.

मग कोडला हात लावा. रिफ्रेशच्या खाली आणखी एक रिफ्रेश टाका. लुकलुक दुप्पट होईल, पण निदान बग कुठं आहे ते कळेल. पेंटच्या सुरुवातीला स्लीप टाकायचा मोह होईल. टाकाच. आता लुकलुकीतला पांढरा पडदा निवांत न्याहाळता येतो, आणि तो पांढरेपणा तुमच्याच प्रोग्रामचा आहे हे लक्षात येतं. विंडोजमध्ये पान नव्यानं काढताना आधी पार्श्वभूमी पुसण्याचा मेसेज येतो, मग चित्र काढलं जातं. म्हणजे पाहुणे दारात उभे असताना रांगोळी पुसून नवी काढायला बसायचं! ६० हर्ट्झचा मॉनिटर दर १६.७ मिलिसेकंदांनी चित्र बदलतो. पुसणं आणि काढणं यांच्या मधे तो सापडला की चमकलंच. मॅनेजरकडे वेगवान प्रोसेसर मागितलात, तर मिळाल्यावरही स्क्रीन अधूनमधून चमकेल.

तेव्हा पुसण्याचा मेसेज आला की काही न करता ‘पुसलं’ असं बिनदिक्कत सांगा. कोडमध्ये एवढं खोटं खपतं. पान मेमरीतल्या बिटमॅपवर पूर्ण काढा आणि एका दमात पडद्यावर उतरवा. हेच डबल बफरिंग. विंडोज फॉर्म्समध्ये त्यासाठी डबलबफर्ड ही तयार प्रॉपर्टी आहे. नवशिके ती फॉर्मला लावतात आणि पान काढलेलं असतं पॅनेलवर. पॅनेलला त्याचा पत्ताच नसतो. त्यासाठी पॅनेलचा वेगळा क्लास करून ती आत लावावी लागते.

विंडोचं चित्र काढणं रोखणाऱ्या लॉकविंडोअपडेट फंक्शनच्या नादी लागू नका. अख्ख्या डेस्कटॉपवर एका वेळी एकच विंडो त्यानं लॉक होते. पीडीएफचं जड पान दुसऱ्या थ्रेडवर तयार करा आणि ते होईस्तोवर जुनं हलवू नका. स्क्रोल आणि झूम पहिल्या पेंटच्या आधी जागेवर आणा, नाहीतर लुकलुक जाते आणि उडी येते.

चाचणी रिमोट डेस्कटॉपवरही घ्या. तिथं डबल बफरिंगमुळे अख्खा बिटमॅप नेटवर्कवरून जातो आणि पान रखडतं. रिमोट सेशन आहे का ते कोडमध्ये तपासा, असेल तर बफर बंद ठेवा. उरलेल्या लुकलुकीवर ‘वोन्ट फिक्स’ असा शेरा मारा. या खेपेला तो खरा असेल.