भाऊबंदकी आणि बॅलिस्टिक्स : नवशिक्यांसाठी

अमेरिकन स्नायपरची विद्या शिकायला बसलात, तर रायफलला हात नंतर लावा. आधी आर्मी आणि मरीन कोअर या दोन दलांमधलं भांडण समजून घ्या. आर्मीची स्थापना १४ जून १७७५ची, मरीन कोअरची त्याच वर्षी १० नोव्हेंबरची. अंतर पाच महिन्यांचं, पण थोरली पाती-धाकटी पाती कायमची ठरून गेली. मरीनला चुकूनही ‘सोल्जर’ म्हणू नका, तो मरीन. आर्मीवाले म्हणतात, मरीन मेणाचे रंगीत खडू खातात. मरीन म्हणतात, ‘आर्मी’च्या चार इंग्रजी अक्षरांचा अर्थ ‘अजून मरीन व्हायची तयारी नाही’. एवढं पाठ झालं की पूर्वतयारी संपली.

आता रायफल. मरीनची एम-४० १९६६ची, आर्मीची एम-२४ १९८८ची. दोघींचा मूळ साचा एकच, रेमिंग्टन ७००. काडतूसही तेच, ७.६२ मिलिमीटरचं. फक्त आर्मीने ॲक्शन, म्हणजे काडतूस नळीत भरणारी यंत्रणा, लांब घेतली, पुढेमागे मोठं काडतूस लागलं तर बसावं म्हणून, आणि मरीननी आखूड. यातली बरोबर कोणती, हे विचारायचं असेल तर जेवण उरकून बसा. दुर्बिणीतले मोजणीचे ठिपकेसुद्धा वेगळे: आर्मीचा गोल, मरीनचा लांबुडका.

गोळी सरळ जाते, ही समजूत इथेच सोडा. नळीतून सुटल्या क्षणापासून ती पडायला लागते. सेकंदाला सुमारे ७९० मीटर वेगाने निघालेली १७५ ग्रेन वजनाची गोळी १००० यार्डांवर पोचेपर्यंत दहाएक मीटर खाली येते. म्हणून दुर्बिणीची चकती फिरवून नळीला तेवढा चढ द्यायचा. हा चढ मोजतात एमओएमध्ये, म्हणजे एका अंशाच्या साठाव्या भागात: १०० यार्डांवर साधारण एक इंच, १००० यार्डांवर दहा.

पडण्याचं गणित तक्त्यात मावतं. वारा मावत नाही. ताशी १६ किलोमीटरचा आडवा वारा याच अंतरावर गोळीला दोन मीटरांहून जास्त ढकलतो. आणि तो तुमच्यापाशी एक, वाटेत दुसरा, निशाण्यापाशी तिसराच असतो. तापलेल्या हवेच्या लाटा कुठे कलतात ते बघून शेजारचा स्पॉटर आकडा सांगतो. नेम लागला की नाव मात्र चाप ओढणाऱ्याचं. शिवाय नळीतल्या उजव्या पिळाने गोळी आपसूक वीतभर उजवीकडे सरकते. त्याचा दोष दुसऱ्या दलाला देऊ नये, तरी देतात.

खरी भांडी वाजतात ती व्हिएतनामवरून. मरीन कार्लोस हॅथकॉकचं नाव पुढे करतात: नोंदलेले ९३ बळी, आणि १९६७मध्ये मशीनगनवर दुर्बीण बसवून २५०० यार्डांवर साधलेला नेम, जो २००२पर्यंत विक्रम होता. आर्मी शांतपणे ॲडेलबर्ट वॉल्ड्रनचे १०९ काढते. मरीन मग चक मॉहिनीचे १०३ मांडतात. तरी सहा कमीच. हे आकडे माणसांचे आहेत, हे त्या गदारोळात कुणाच्या गावी नसतं. तुम्ही मरीनच्या बाजूचे असाल तर एक हुकमाचा पत्ता जवळ ठेवा: आर्मीत येण्याआधी वॉल्ड्रन बारा वर्षं नौदलात होता, आणि मरीन कोअर नौदलाच्याच खात्यात मोडतं.

हल्ली दोघांनीही बॅरेटची एमके-२२ घेतली आहे. नळी बदलली की तीत तीन वेगवेगळी काडतुसं चालतात. म्हणजे भांडायला अजून जागा आहे.