8 तासांचा सॉस

ल्यों शहरात मी ज्यांच्याकडे दोन वर्षं भाड्यानं राहिलो, त्या मादामच्या ओट्यावर दर रविवारी एक हाड असायचं. वासराच्या नळीचं, वीतभर लांब. पाहुण्यांना दारातूनच दिसावं अशा बेतानं ठेवलेलं. पाहुणे गेले की ते परत फ्रीझरमध्ये. चार-सहा रविवारांनंतर मी त्याला चेहऱ्यानं ओळखू लागलो. एका टोकाला करवतीची तिरकी खूण होती.

फ्रेंच तपकिरी सॉसांचा सगळा डोलारा हाडांवर उभा. हाडं भट्टीत तांबूस होईतो भाजायची. गाजर, कांदा, सेलरी, टोमॅटो, थाइमच्या काड्या घालून मंद आचेवर 8 तास ठेवायची आणि फेस काढत बसायचं. एवढं करून हाती येतो तो नुसता ‘फों’, म्हणजे पाया. (आपल्याकडच्या पायाशी याचं नातं निदान हाडापुरतं तरी आहेच.) मग त्यात लोण्यात परतलेलं पीठ घालून एस्पान्योल, आणि त्यात तेवढाच फों पुन्हा ओतून निम्म्यावर आटवला की दमी-ग्लास. फ्रेंच शेफ एस्कॉफिएनं हे शास्त्र 1903 साली ग्रंथात घातलं खरं, पण लंडनच्या कार्ल्टन हॉटेलात त्याच्या हाताखाली आचाऱ्यांची फलटण होती. मादामच्या हाताखाली मी होतो, तोही कांदा चिरताना रडणारा.

त्यांच्याकडे तो ग्रंथ होता. गोडाच्या पानांवर लोण्याचे डाग. फोंचं पान मात्र कोरं करकरीत.

एकदा मसूर शोधताना मसुरामागे डबा सापडला: फों द व्हो, म्हणजे वासराचा फों, तोही भुकटी. घटक वाचले तर स्टार्च, मीठ, यीस्टचा अर्क, रंगाला कॅरामल. वासराचा नंबर बराच खाली. मागे वळतो तर मादाम उभ्या.

“तुम्ही मसूर शोधत होतात,” त्या म्हणाल्या. “तो पुढे आहे.”

मला आमच्या एक काकू आठवल्या. त्या दुकानातला काळा मसाला बरणीत भरून ‘घरी कुटलाय’ म्हणायच्या आणि ओसरीवर खलबत्ता मांडून ठेवायच्या.

डबा सापडला त्या दिवसापासून मला गुपितात प्रवेश मिळाला. मादामच्या हाताला खरंच चव होती, हे कबूल केलं पाहिजे. बारीक चिरलेला शॅलट आणि मिरी लाल वाइनमध्ये टाकून वाइन जवळपास संपेपर्यंत आटवायची. मग दोन चमचे भुकटी गार पाण्यात कालवून त्यात ओतायची. थेट टाकली की गुठळ्या. मीठ अजिबात नाही, ते डब्यातूनच आलेलं असतं. शेवटी आच बंद करून गार लोण्याचा तुकडा घालायचा आणि पातेलं गोल फिरवायचं. सॉसवर अशी झळाळी यायची की डबा कुणाच्या स्वप्नातही येऊ नये. सगळं मिळून वीस मिनिटं.

“किती वेळ लागला?” एका पाहुण्यांनी विचारलं.

“काल रात्रीपासून चाललंय,” मादाम म्हणाल्या. खोटं नव्हतं, काय करायचं याचा विचार रात्रीपासूनच चालला होता.

मी एकदा चिडवलं, तर त्यांनी कायदाच पुढे केला. रेस्तराँमधल्या ‘फे मेझों’, म्हणजे ‘इथेच रांधलेलं’, या शिक्क्याची व्याख्या करणारा 2014 चा सरकारी आदेश. त्यात तयार फों चालतो, फक्त गिऱ्हाइकाला तसं लेखी कळवावं लागतं.

“मग तुम्ही कळवत का नाही?”

“माझ्या घरी मेन्यूकार्ड आहे का?”

मी ग्रनोब्लला राहायला गेलो तेव्हा त्यांनी मला निरोपाची भेट म्हणून एक नवाकोरा डबा दिला. हाड मागितलं, ते मात्र दिलं नाही.