ओट्यावरच्या फडक्याचा जाहीर सत्कार

सत्कार कुणाचा करायचा याबाबत महाराष्ट्र कधीच फार चिकित्सक नव्हता. नगरसेवकाच्या मेव्हण्याचा होतो, दहावी पास झालेल्याचा होतो, नापास झालेल्याच्या वडिलांचाही ‘खचून न गेल्याबद्दल’ होतो. मग वर्षाचे बाराही महिने बिनपगारी राबणाऱ्या आणि घरातल्या प्रत्येकाला कसलाही भेदभाव न करता पोटदुखी वाटणाऱ्या ओट्यावरच्या फडक्यानंच काय घोडं मारलंय? या सदरातर्फे त्याला शाल आणि श्रीफळ द्यावं, असा प्रस्ताव मी मांडतो. शाल सुती असावी. पुढे तिचीही फडकीच व्हायची आहेत.

प्रथम सत्कारमूर्तींचा परिचय. जन्म बनियनच्या घराण्यात. बनियनला तिसरं भोक पडलं की त्याची बदली स्वयंपाकघरात होते, आणि तिथे एक पद, एक काम असला सरकारी खाक्या चालत नाही. उतू गेलेलं दूध फडक्यानं पुसायचं, कणकेचे हात त्यालाच पुसायचे, गरम पातेलं त्यानंच उतरवायचं. पाहुणे दारात आले की कपबश्या त्यानंच कोरड्या करायच्या. वेळ पडली तर धाकट्याचं नाकही. मग नळाखाली ओझरतं भिजवून, पिळून, नळाच्याच मानेवर लटकवायचं. तिथे ते कधीही पुरतं वाळत नाही. ओल, अन्नाचे कण आणि आपल्याकडची दमट उष्ण हवा. जंतूंना याहून चांगली जागा बिल्डरही दाखवू शकणार नाही.

सत्कारमूर्तींची चुलतबहीण म्हणजे भांड्यांची स्पंजची घासणी. तिची कीर्ती परदेशी गेली आहे. २०१७ साली जर्मनीतल्या संशोधकांनी वापरलेल्या १४ घासण्या तपासल्या, तेव्हा काही ठिकाणी एका घन सेंटिमीटरमध्ये पाच हजार कोटींपर्यंत जंतू निघाले. म्हणजे भारताच्या लोकसंख्येच्या पस्तीसपट. एवढे मतदार एका जागी सापडले असते, तर एव्हाना त्यांच्यासाठी महामंडळ निघालं असतं. गंमत पुढे आहे. आपण घासणी नियमानं निर्जंतुक करतो असं ज्यांनी सांगितलं, त्यांच्या घासण्यांतही जंतू कमी नव्हते. घासणी धूत बसू नका, वरचेवर नवी घ्या, असं संशोधकांचं म्हणणं. आपल्याकडे घासणी तिचा भुगा होईपर्यंत निवृत्त होत नाही.

यावर कुणी म्हणेल, आम्ही ओट्यावर ९९.९ टक्के जंतू मारणारा फवारा मारतो. उत्तम. थोडं गणित करू. ओट्यावर दहा लाख जंतू होते, ९९.९ टक्के मेले, उरले एक हजार. खायला-प्यायला मिळालं तर काही जिवाणू वीस मिनिटांत दुप्पट होतात. दहा वेळा दुप्पट झाले की हजाराचे पुन्हा दहा लाख. म्हणजे सकाळी आठला फवारलंत, तर साडेअकराच्या आत सगळे परत हजर. ओटा कोरडा असेल तर ही वाढ खुंटते. पण फवारा मारल्यावर आपण ओटा पुसतो कशानं? सत्कारमूर्तींनीच.

हाताचंही तेच. साबण लावून वीस सेकंद हात चोळा, हे करोनाकाळात पोरासोरांना पाठ झालं. धुतलेले हात कशानं पुसायचे, हे कुणी सांगितलंच नाही. शिवाय साधा साबण आपल्याला गरिबाघरचा वाटतो. नावात ‘जंतुनाशक’ हवंच. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं २०१६ साली ट्रायक्लोसानसह १९ रसायनांपैकी कुठलंही असलेल्या अशा साबणांच्या विक्रीवर बंदी आणली, कारण साध्या साबण-पाण्यापेक्षा ते सरस आहेत हे कंपन्यांना दाखवता आलं नाही.

साबणानंतर आता पाण्याकडे आणि चिकनकडे वळू. जानेवारी २०२५मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता भागात जीबीएसचे, म्हणजे गुलेन-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे, रुग्ण एकाएकी वाढले. काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर हा जिवाणू सापडला. दूषित पाणी किंवा कच्चं चिकन, असा त्याचा नेहमीचा प्रवास. माणसं दगावली, तो विनोदाचा विषय नाही. विनोद नंतर सुरू झाला. घरोघरी पाणी उकळू लागलं, चिकन वर्ज्य झालं, आणि प्रत्येक कट्ट्यावर एक जंतुशास्त्रज्ञ निपजला. नीट शिजलेल्या चिकनमध्ये हा जिवाणू जगत नाही. खरा धोका कच्चं चिकन नळाखाली खळखळून धुण्यात आहे, कारण शिंतोडे सिंकपासून कोशिंबिरीपर्यंत उडतात. ते शिंतोडे टिपायला धावून येतं कोण, हे आता वेगळं सांगायला नको. त्याच फडक्यानं मग उकळलेल्या पाण्याचा पेला पुसला जातो.

सगळ्या जंतूंशी वैर धरा, असं माझं म्हणणं नाही. त्यांच्यावाचून दही लागणार नाही, इडलीचं पीठ फुगणार नाही. नालायकांना ओल आणि खाऊ पुरवू नये, इतकंच. दुपारचा भात रात्रीपर्यंत ओट्यावर तसाच ठेवू नये, हेही त्यातच आलं. शिजवलेलं अन्न बाहेर दोन तासांहून जास्त राहू नये, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपण ते फडक्यानं झाकून निश्चिंत होतो.

आता घरातल्या पुरुषमंडळींना दोन शब्द. पाणी शुद्ध करायचं यंत्र कुठलं घ्यावं यावर तुम्ही तासभर बोलू शकता, हे आम्ही जाणतो. फडकं कुठे वाळत घालतात, हे मात्र तुमच्यापैकी बहुतेकांना ठाऊक नाही. ‘ते फडकं बदल गं’ असं बायकोला सोफ्यावरून सांगू नका. उठा. कपाटात जुने सुती बनियन आहेत, त्यांचे आठ-दहा तुकडे फाडा. हात पुसायला एक, भांड्यांना एक, ओट्याला एक. कच्च्या मांसमच्छीचं काही सांडलं तर ते कागदानं टिपून टाकून द्या. संध्याकाळी वापरलेली फडकी उकळत्या पाण्यातून काढा, आणि दोरीवर कडकडीत वाळतील अशी घाला. घासणीची तारीख कॅलेंडरवर दूधवाल्याच्या खाड्यांशेजारी लिहून ठेवा. आज रात्रीच सुरुवात करा, आणि हे काम तुमचं तुम्हीच करा.