कच्चा लिंबू

मराठी मुलांच्या खेळांत एक पद असं आहे, की ज्याला ते मिळतं त्याला बहुधा त्याचा पत्ताही नसतो. ते पद म्हणजे कच्चा लिंबू. लपाछपी असो, विषामृत असो की डोंगर का पाणी, ताईचा फ्रॉक धरून मागून आलेल्या तीन-साडेतीन वर्षांच्या जिवाला आठ-नऊ वर्षांची थोर मंडळी एका वाक्यात ही सनद बहाल करतात : ‘ही कच्चा लिंबू हं!’ मग तिनं पळावं, लपावं, उगीचच किंचाळावं. ती आउट होत नाही, तिच्यावर राज्य येत नाही. हा कायदा कुणी केला कोण जाणे. माझ्या आजोळच्या शेणानं सारवलेल्या अंगणात तो होता आणि आज आमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये, दोन गाड्यांमधल्या हातभर फटीत खेळणाऱ्या पोरांतही तो शाबूत आहे. आठव्या वर्षी माणसं इतकी शहाणी असतात, मग पुढे सोसायटीच्या वार्षिक सभेत त्यांचं काय होतं, हा प्रश्न मी तूर्त बाजूला ठेवतो.

आमच्याकडची सध्याची कच्चा लिंबू तळमजल्यावर राहते. तिची लपण्याची रीत पाहत मी गॅलरीत चहा गार करत बसतो. दहा-वीस-तीस सुरू झालं, की सगळे पांगतात आणि ही पाण्याच्या टाकीशेजारी, भर उजेडात, दोन्ही तळहात डोळ्यांवर घट्ट दाबून उभी राहते. कोपरं बाहेर, पोट पुढे, एका पायातली चप्पल उलटी. राज्य असलेला मुलगा तिच्या नाकासमोरून ‘कुठे गेली बुवा ही?’ म्हणत दोनदा जातो. तिसऱ्यांदा तिला राहवत नाही. ‘मी इथे नाहीये!’ असं ती स्वतःच कळवते.

हा वेडेपणा नाही, त्यामागे एक रीतसर तत्त्वज्ञान आहे. केंब्रिजमधल्या जेम्स रसेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीन-चार वर्षांच्या मुलांच्या डोळ्यांवर पट्टी चढवून विचारलं, आता तू आम्हाला दिसतोस का? बहुतेकांनी ‘नाही’ म्हणून सांगितलं. बरं, डोकं दिसतं का, अंग दिसतं का? ते मात्र दिसतं, असंही त्यांनी कबूल केलं. 2012 साली हे संशोधन प्रसिद्ध झालं. म्हणजे या वयात ‘मी’ हा ऐवज अंगात नसून डोळ्यांत कुठंतरी ठेवलेला असतो आणि नजरेला नजर भिडल्याशिवाय तो कुणाच्या हाती लागत नाही. मला यात हसण्यासारखं फारसं काही वाटत नाही. उसने पैसे घेतलेला माणूस समोरून आपण येताना दिसलो, की पलीकडच्या दुकानाची पाटी किती एकाग्रतेनं वाचतो! त्याचीही भिस्त याच सिद्धान्तावर असते.

आणखी लहान मुलं तर एकमेकांशी खेळत नाहीत, एकमेकांच्या शेजारी खेळतात. अमेरिकेत मिल्ड्रेड पार्टेन या बाईंनी बालवाडीतल्या मुलांकडे एकेक मिनिट टक लावून पाहून 1932 साली हे लिहून ठेवलं. वाळूच्या ढिगावर पाठीला पाठ लावून बसलेली दोन पोरं आपापली भांडी भरत असतात, बोलणं नाही की चालणं नाही. पण एक उठलं, की दुसऱ्याचाही खेळ मोडतो. या नात्याला काय म्हणावं? काही जुन्या जोडप्यांच्या रविवार दुपारी मला अशाच दिसल्या आहेत.

एरिक एरिक्सन यांनी 1950 च्या आपल्या पुस्तकात या वयाला दोन पायऱ्या दिल्या. दीड ते तीन वर्षांचं मूल ‘माझं मी’ म्हणून हट्ट धरतं. एका बाजूला ते स्वातंत्र्य आणि दुसऱ्या बाजूला लाज, अशी ओढाताण चालते. त्यानंतर पुढाकार येतो आणि त्याच्या मागोमाग, आपलं काही चुकलं की काय, ही रुखरुख. या गृहस्थांना जन्मदात्याचं नावही कधी कळलं नाही. वाढले ते सावत्र वडिलांच्या आडनावावर, आणि पुढे अमेरिकेत त्यांनी आडनाव घेतलं ते एरिक्सन, म्हणजे एरिकचा मुलगा. आपणच आपले वडील! अशा माणसाला ‘माझं मी’ची किंमत कळावी यात नवल नाही. पण पार्किंगमधल्या पोरांनी एरिक्सन न वाचताच त्यावर तोड काढून ठेवली आहे : पुढाकार पुरा घ्यायचा, शिक्षा मात्र नाही. रडू येण्याआधीच त्याची तजवीज.

मात्र ही सनद कायमची नसते. गेल्या आठवड्यात राज्य असलेल्या मुलानं आमच्या कच्चा लिंबूला लाडानं विचारलं, ‘दादा कुठे लपलाय गं?’ एरवी तिनं आनंदानं बोट दाखवून दादाचा घात केला असता. या वेळी तिनं जिन्याकडे पाहिलं, जिथे तो होता. मग ओठ आत ओढून बोट गेटकडे केलं. मुलगा गेटकडे धावला. मी चहाचा कप खाली ठेवला. आपल्याला ठाऊक असलेलं दुसऱ्याला ठाऊक नसतं, ही गोष्ट मुलांच्या ध्यानात साधारण चौथ्या वर्षाच्या आसपास येऊ लागते. व्हिमर आणि पेर्नर यांनी 1983 साली एका कपाटातून दुसऱ्या कपाटात हलवलेल्या चॉकलेटच्या गोष्टीवरून ती दाखवून दिली. इथे तिनं ती एका बोटानं दाखवली. माणसाच्या पहिल्या खोटेपणाचं इतकं कौतुक वाटावं, हे बरं नव्हे. पण वाटलं खरं.

त्याच संध्याकाळी तिनं कंबरेवर हात ठेवून जाहीर केलं, ‘मी कच्चा लिंबू नाही, मी पक्की!’ मंडळींनी मान्य केलं. पुढच्याच डावात ती सापडली, राज्य आलं, आणि खालचा ओठ बाहेर येऊ लागला. खेळ थांबला. तिघांनी डोकं एकत्र करून खल केला आणि चष्मेवाल्या मुलीनं निकाल सांगितला : लपताना ही पक्की, राज्य आलं की कच्ची, आणि आता तिच्याऐवजी दादावर राज्य.

‘रडीचा डाव आहे हा!’ असं म्हणत दादा भिंतीकडे तोंड करून दहा-वीस म्हणायला लागला.