'पाच मिनिटांत आलोच' म्हणणाऱ्या साहेबांस

परमआदरणीय गाडीमालक साहेब,

सादर प्रणाम. दर मंगळवारी आपण सिद्धिविनायकाच्या नाक्यावर गाडी दुसऱ्या रांगेत उभी करता, चारही इंडिकेटर लुकलुकत ठेवता आणि 'पाच मिनिटांत आलोच' म्हणून दर्शनाला जाता. आमच्या भागात पायधूळ झाडल्याबद्दल आम्ही प्रभादेवीकर आपले शतशः ऋणी आहोत.

देऊबाई पाटील यांच्या पैशातून 19 नोव्हेंबर 1801 रोजी इथं छोटंसं देऊळ उभं राहिलं, तेव्हा आपल्या गाडीची सोय करायची बिचाऱ्यांकडून राहून गेली. काकासाहेब गाडगीळ मार्ग आणि एस. के. बोले मार्ग मिळतात त्याच वळणावर ती सोय आपण स्वतःच करून घेतलीत. केवढे हे उपकार!

बेस्टच्या चालकांचं कसब आपल्यामुळेच आम्हाला कळलं. वळणारी बस आपल्या आरशापासून चार बोटांवर अडते, मग कंडक्टर खाली उतरून पत्रा थोपटत 'येऊ दे, येऊ दे' करत राहतो.

दूर्वांची जुडी सांभाळत येणाऱ्या आजींनाही आपण धीट केलंत. कडेला आपली गाडी, म्हणून त्या आता भर रस्त्यातून, रिव्हर्स घेणाऱ्या टॅक्सीच्या मागून चालतात.

परळच्या केईएमकडे निघालेल्या ॲम्ब्युलन्सची तर आपण विशेष काळजी घेता. सप्टेंबर 2025 मध्ये एल्फिन्स्टनचा पूल पाडण्यासाठी बंद झाला, तेव्हापासून रूळ ओलांडायला टिळक पुलाचा नाहीतर करी रोडचा वळसा. त्या धावपळीत पेशंटला जरा विसावा हवाच, तो आपल्या बंपरमागे मिळतो.

एक नम्र विनंती. ज्यांच्या नावाच्या रस्त्यावर आपली गाडी विसावते, त्या रावबहादूर सीताराम केशव बोले यांनी ऑगस्ट 1923 मध्ये मुंबई कायदेमंडळात ठराव मंजूर करून घेतला: सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात. त्याच ठरावाच्या बळावर 1927 मध्ये बाबासाहेबांनी महाडला चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. जे सगळ्यांच्या पैशातून झालं, त्यावर सगळ्यांचा हक्क, हे सांगायला त्या माणसाने आयुष्य वेचलं. त्यांचाच रस्ता आपण एकटे अडवता, साहेब.

अरुंद वाटेत माणसं अडकली की काय होतं, ते आम्ही 29 सप्टेंबर 2017 ला एल्फिन्स्टन स्टेशनच्या जिन्यावरच्या चेंगराचेंगरीत पाहिलंय. मोकळ्या वाटेसाठी आम्ही इतके हट्टी का, हे त्यावरून आपल्या ध्यानात यावं.

पुढच्या मंगळवारी दादरला उतरून चालत या. रांगेत आमच्या मागे उभे राहा, आम्ही आपल्याला आनंदाने जागा देऊ. बाप्पा आपल्याला तेवढाच पावेल आणि नाक्यावरची बस एका दमात वळेल.

कळावे, लोभ असावा, गाडी नसावी.

आपला,
एक प्रभादेवीकर