तुपाची बरणी आणि मी

आमच्या उस्मानपुऱ्यात नळाला पाणी येणं हा सण असतो. जायकवाडीचं पाणी काही दिवसांआड गल्लीत पोचलं की टाकी, पिंप, बादल्या, झालंच तर चहाचं पातेलंसुद्धा आम्ही भरून ठेवतो, आणि पातेलं सोडलं तर सगळं प्लॅस्टिकचं. त्यात २०२४ साली मीठ-साखरेतही प्लॅस्टिकचे बारीक कण सापडल्याची बातमी वाचली, तेव्हापासून पिंपाचं झाकण उघडताना मला उगाच खाकरावंसं वाटतं.

भाचा प्रयोगशाळेत मास स्पेक्ट्रोमीटरवर काम करतो. फोनवर त्याने समजावलं, की पाणी गाळून राहिलेला गाळ प्राणवायू न देता सहाशे अंशांच्या आसपास तापवायचा. प्लॅस्टिक जळत नाही, त्याचे तुकडे पडतात, आणि यंत्र विद्युतभार दिलेले ते तुकडे वजनावरून ओळखतं. थर्माकोलमधून स्टायरिन निघतं, नायलॉनमधून कॅप्रोलॅक्टम. कण किती ते कळत नाही, माल किती ते कळतं. मी मधूनमधून "अच्छा, अच्छा" म्हणत होतो. मला एवढंच समजलं, की नमुना काचेच्या बाटलीत द्यायचा.

मग काय! माळ्यावर चढून, दोन डबे डोक्यावर पाडून घेऊन, हिची नजर चुकवून मी काचेची बरणी काढली, विसळली, पितळी गाळणीतून पाणी भरलं आणि गावाला जाणाऱ्या शेजाऱ्याबरोबर पाठवून दिली. छाती फुगली होती.

"मामा, बरणी कशाची होती?"

"साजूक तुपाची. घरचं!"

फोनवर बराच वेळ काही ऐकू येईना. मग तो म्हणाला, की तूप तापवलं की त्याचे जे तुकडे पडतात, ते यंत्राला बरेचसे पॉलिथिनच्या तुकड्यांसारखेच दिसतात. म्हणून आधी स्निग्धांश काढून टाकावा लागतो, आणि माझ्या नमुन्यात पाण्यापेक्षा तोच जास्त होता. म्हणजे यंत्राच्या मते आम्ही पुरणपोळीवर पिशव्या वाढून घेतो.

"आणि पाणी भरताना अंगात काय होतं?"

"टेरिकॉटचा शर्ट."

"त्यात पॉलिएस्टर असतं, मामा. पुढच्या वेळी शर्टाचा एक धागाही पाठवा, हिशेबातून वगळायला."

धागा ओढला. खिसा हातात आला.