कुलर पक्ष आणि मोगरा आघाडी

मे महिना लागला की केळापूर तालुक्यातल्या घराघरांत उभी फूट पडते. एका बाजूला कुलर पक्ष, दुसऱ्या बाजूला मोगरा आघाडी, आणि मधे गच्चीवरची एकुलती एक टाकी. नळ येतो तेव्हा शेजाऱ्यांच्या टिल्लू पंपातून काही उरलंच तर आपल्याकडे येतो. जे आलं त्यात माणसांनी प्यायचं, भांडी घासायची आणि उरलेल्यावर दोन्ही पक्षांनी दावा सांगायचा.

कुलर पक्षात तेरा ते एकोणीस वयोगटातले झाडून सगळे. आमचा थोरला, आमची धाकटी आणि उन्हाळ्यासाठी पुण्याहून आलेला त्यांचा आतेभाऊ, जो पहिल्याच दुपारी "मामा, हे इथे दरवर्षी असंच असतं?" असं विचारून जो कुलरसमोर बसला तो जेवायलाच उठतो. मोगरा आघाडीत आजी आणि सौ. माझा आघाडीला बाहेरून पाठिंबा आहे. म्हणजे मी भाषणं करतो आणि बसतो कुलरसमोर.

इथे थोडं भूगोलाचं सांगितलं पाहिजे. तालुक्याचं नाव केळापूर आणि तहसील कचेरी पांढरकवड्याला. केळापुरात जगदंबा आहे, पांढरकवड्यात साहेब आहेत. गाऱ्हाणं कुठे न्यायचं ते ज्याचं त्याने ठरवावं. आमची बागही याच धर्तीवर चालते. चारचौघांत ती माझी बाग म्हणून ओळखली जाते, मुख्यालय सौ.कडे आहे आणि पाणी घालणारं पद गेली कित्येक वर्षं रिक्त आहे.

कुलर पक्षाची बाजू लंगडी आहे असं कुणी समजू नये. पारा 45 च्या घरात गेल्यावर भिंतीसुद्धा आतून तापतात, आणि आपल्याकडची हवा इतकी कोरडी की ओल्या ताट्यांतून ओढलेला वारा खरोखर गार होऊन येतो. पाणी उडतं म्हणून गारवा येतो, हे विज्ञान थोरल्याने मला पाठ म्हणून दाखवलं. त्यातून निघालेला निष्कर्ष असा, की कुलरमध्ये ओतलेली बादली विज्ञानासाठी आणि मोगऱ्याला ओतलेली बादली अंधश्रद्धेसाठी. या पक्षाला उतार पडतो तो फक्त जूनमध्ये. पहिला पाऊस पडला, हवा दमट झाली की कुलर म्हणजे नुसता ओला पंखा. मग पक्ष आपसूक फुटतो. महाराष्ट्रात पक्ष फुटण्याचं कुणाला नवल नाही; तंटा राहतो तो चिन्ह कुणाकडे जाणार याचा. आमच्याकडे चिन्ह म्हणजे टीव्हीचा रिमोट.

पाणीवाटपाचा प्रश्न चर्चेने सुटतो यावर माझा विश्वास होता, आणि त्याला कारण होतं. चनाखा आमच्या तालुक्यात, कोरटा पैनगंगेपलीकडे आदिलाबाद जिल्ह्यात. तिथल्या बंधाऱ्यासाठी महाराष्ट्र आणि तेलंगणाने 2016 च्या ऑगस्टमध्ये मुंबईत करार केला. दोन राज्यं, दोन भाषा, तरी सह्या झाल्या. मग एका घरात, एका भाषेत का होऊ नयेत? मी मसुदा लिहून फ्रिजवर चिकटवला : सकाळच्या पहिल्या बादल्या बागेच्या, नंतरच्या कुलरच्या, भरायची पाळी आळीपाळीने. दुसऱ्या दिवशी त्याखाली धाकटीच्या अक्षरात पोटकलम आलं होतं : "नवतपा संपेपर्यंत अंमलबजावणीस स्थगिती." खाली तिघांच्या सह्या. तिसरी सही पुण्याची, म्हणजे लाभक्षेत्राबाहेरची, पण तीही ग्राह्य धरावी लागली. पाहुण्याला नाही म्हणता येत नाही.

करार फसल्यावर बाप मंडळी जे करतात ते मी केलं. उदाहरण दिलं. तेही घरचं, टिपेश्वरचं. तिथल्या जंगलात जन्मलेला टी1-सी1 नावाचा वाघ, गळ्यात रेडिओ कॉलर, 2019 च्या जूनमध्ये घर सोडून निघाला. शेतं तुडवत, रस्ते ओलांडत, मधेच तेलंगणात डोकावून परत येत डिसेंबरात बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. वळणावळणाने 1,300 किलोमीटर! वयाने तोही पोट्टाच, मिसरूड फुटायच्या बेताचा. "आणि तुमच्याच्यानं नळापर्यंत चार पावलं जाववत नाही!"

थोरल्याने मोबाइलवरून मानसुद्धा वर केली नाही. "बाबा, तो मायले सोडून गेला म्हणून चालला. मी गेलो तर चालते का?"

वर म्हणाला, "आणि कॉलर त तुम्ही मलेबी लावलीच आहे." हे खरं होतं. त्याच्या मोबाइलचं लोकेशन माझ्या मोबाइलवर दिसतं. फरक एवढाच की डेहराडूनहून आलेल्या शास्त्रज्ञांना त्यांचा प्राणी हलताना तरी दिसत होता.

आमच्या पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर एक संदेश दर उन्हाळ्यात उगवतो. त्याला पाणी लागत नाही. "मुलांना मातीत हात घालू द्या. मातीशी नाळ तुटू देऊ नका." खाली रोप धरलेल्या तळहातांचं चित्र. त्यावर सगळे हात जोडतात, अंगठे दाखवतात, फुलं वाहतात. भर दुपारी, कुलरसमोर बसून. ज्यांचे बाप हयातभर मातीत हात घालून थकले आणि ज्यांनी स्वतः मोठ्या शिकस्तीने ते हात धुऊन नोकरी धरली, तेच आम्ही. विदर्भातल्या शाळा उन्हापायी जूनच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत उघडत नाहीत, तेवढ्या मुदतीत पोरांच्या हाताला माती लागावी एवढीच आमची माफक अपेक्षा. शाळा उघडायच्या आत ती निघालीही पाहिजे.

आणि झाडं लावायचा उत्साह म्हणाल तर आम्ही सरकारच्या बरोबरीने धावलो आहोत. 2016 साली राज्याने 2 कोटी झाडांचं लक्ष्य ठेवलं, 2017 ला 4 कोटी, 2018 ला 13 आणि 2019 ला थेट 33 कोटी. आमच्या घरी दर जुलैत एक. प्रमाण सोडा, पद्धत तीच होती. खड्डा, रोप, रोपाला हात लावून उभं कुटुंब, फोटो. यंदा धाकटीने एका दुपारी ते सगळे फोटो एका ओळीत लावून मला दाखवले. कुंपणाजवळची जागा तीच. पहिल्या फोटोत बदामाचं रोप, दुसऱ्यात पेरू, तिसऱ्यात सीताफळ, चौथ्यात पुन्हा बदाम. रोप प्रत्येक वेळी घोट्याएवढं. शेजारी उभी असलेली धाकटी तेवढी दरवर्षी वाढलेली. "बाबा, तुम्ही मलेच लावत होते का?" महालेखापालांनीही इतका थोडक्यात ताशेरा ओढला नसता.

आजीला लक्ष्य, उद्दिष्ट वगैरे काही ठाऊक नाही. तिने गारवा न देणारा जुना माठ काढला, बुडाला खिळ्याने भोक पाडलं, त्यात चिंधीची वात ओवली आणि लिंबाच्या रोपाशेजारी गळ्यापर्यंत पुरला. माठ भरायचा, वर ताटली झाकायची. पाणी थेंबाथेंबाने मुळाशी जातं, उन्हाच्या हाती लागत नाही. भोवती कडुनिंबाचा पाला अंथरला. आतेभावाने याची रील केली, नाव दिलं "गावठी ड्रिप", आणि ती इतक्या लोकांनी पाहिली की त्या दिवशी तो प्रथमच उन्हात दहा मिनिटं थांबला. आजीने विचारलं, "इतक्या लोकायनं पाह्यलं म्हनतं, त एखादा तरी बादलीभर पानी घेऊन येते का?"

पोरांना बागेत शेवटी मी नेलं नाही, आजीनेही नाही. वीज कंपनीने नेलं. एका संध्याकाळी लाइन गेली ती गेलीच. कुलर बंद, वायफाय बंद, मग टॉवरही थकला. घरात भट्टी. तिघंही बाहेर आले आणि बसायला दुसरी जागा नाही म्हणून वाफ्यांच्या कडेला बसले. बोलता बोलता थोरल्याने टमाटरचं झाड पाहिलं. फुलं खाली पडलेली, फळ एक नाही. शेजारी मोगरा मात्र भर उन्हाळ्यात लगडलेला. त्याने लाइन आल्यावर शोधलं. उष्णता फार झाली की टमाटरची फुलं गळतात, फळ धरत नाही. मोगऱ्याला मात्र हेच दिवस मानवतात. "म्हणजे टमाटर मनातून कुलर पक्षाचं आहे," असं म्हणून त्याने त्यावर हिरवी जाळी बांधली. सावली मिळाली तर खाली सांबार येईल, असं आजी म्हणाली. धणे रगडून दोन फाकी करायचे, रात्रभर भिजवायचे, मग पेरायचे. उन्हाळ्यात बाजारातला सांबार महाग असतो आणि दुपारपर्यंत मान टाकतो. याचा जाळीखाली ताठ उभा राहिला. गोडनिंबाला पालवी फुटली. मुंगन्याच्या शेंगा पोरगं मोजून उतरवू लागलं. सकाळी आम्ही उठायच्या आत पाणी दिलेलं असे.

मी व्हॉट्सॲप गटावर फोटो टाकला. "मातीशी नाळ." शंभर अंगठे.

पुढल्या आठवड्यात जेवताना तो म्हणाला, "बाबा, मी बारावीनंतर ॲग्री करतो."

घरात शांतता पसरली. सौ.ने आमरसाची वाटी खाली ठेवली. त्याची अकरावी नुकतीच झाली आहे; मे महिन्याच्या पहिल्या रविवारी नीट असते आणि पुढच्या मेमध्ये तो तिथे बसणार हे त्याच्या जन्मापासून ठरलेलं आहे. पण मी स्वतःला सावरलं. ॲग्री वाईट नाही. अकोल्याला पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ 1969 पासून आहे. तिथून निघालेली पोरं एमपीएससी देतात, कृषी अधिकारी होतात, बँकेत लागतात. आपल्याकडे ॲग्री शिकायचं ते शेतीपासून सुटायला, हे सगळ्यांनाच माहीत आहे. मी म्हणालो, "चांगलं आहे. मग स्पर्धा परीक्षा."

"नाही. मग शेती. आबाची आहे न आपल्याकडे."

मी खोटं कशाला बोलू, टिपेश्वरचा वाघ दारात दिसता तर घरात एवढी पळापळ झाली नसती. यवतमाळ जिल्ह्याला शेतीचं महत्त्व पटवायची गरज नाही. इथे पंतप्रधान शेती पाहायला येतात. 2006 साली विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी 3,750 कोटींचं पॅकेज आलं, त्यात आम्ही होतो. 2014 च्या निवडणुकीआधी दाभडीला चाय पे चर्चा झाली, तीही आमच्याच जिल्ह्यात. 2017 साली बोंडअळी आली आणि त्याच हंगामात फवारणी करता करता माणसं विषबाधेने गेली. लांब धाग्याच्या कापसाचा 2025-26 चा हमीभाव क्विंटलला 8,110 रुपये आहे, आणि तो हातात पडायला कापूस कोरडा लागतो, केंद्र उघडं लागतं आणि घरात तोवर थांबायची ऐपत लागते. हे सगळं मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, "मग मातीशी नाळ म्हणजे कुठपर्यंत? कुंपणापर्यंत?"

आजी एकटीच हसली. बाकी घर कामाला लागलं. सौ.ने दुपारी बागेत जायला बंदी केली, लू लागते म्हणून. कुलरची टाकी न मागता भरली जाऊ लागली. मी स्वतः भरली. बंद केलेला डेटा पॅक परत सुरू केला, वर मोठा घेतला. आतेभावाला मी बाजूला घेऊन सांगितलं, "याला जरा तुझ्या त्या गेममध्ये ओढ." गटावरून फोटो काढून टाकायला गेलो, तर वेळ निघून गेली होती, खाली एका पालकाने विचारलं होतं, "सर, तुमचा मुलगा उन्हाळी शिबिर घेतो का? आमच्याला पाठवायचा आहे. फक्त दोन महिने."

शेवटचा उपाय म्हणून थोरल्या काकांना बोलावलं. काका निवृत्त आहेत, आणि कुणाच्याही पोराला कुठल्याही निर्णयापासून परावृत्त करण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नाही. ते आले, सरगुंडे खाल्ले, मग मुद्द्यावर आले. शेतकऱ्याला कुणी पोरगी देत नाही, हे त्यांनी सौम्यपणे मांडलं. आमचा म्हणाला, "काका, मी सतरा वर्षाचा आहो. आताच कायले पाहिजे?" धाकटी म्हणाली, "आणि द्यायची का नाही ते पोरीले इचारलं का कोणी?" सभेचा रागरंग पाहून काकांनी तडजोड सुचवली : शेतीच करायची तर निदान स्टार्टअप म्हण. पत्रिकेत बरं दिसतं.

निघताना त्यांचं लक्ष जाळीखालच्या वाफ्याकडे गेलं. "सांबार बाकी झकास आहे रे. दे दोन जुड्या."

"वीस रुपये."

"घरच्यालेबी?"

"घरच्याले फुकट आहे," थोरला म्हणाला. "पण घरच्याची पाणी भरायची पाळी असते. उद्या सकाळी साडेपाचला या."

काकांनी वीस रुपये दिले. मी मागे उभा होतो, तो माझ्याकडे वळून म्हणाला, "बाबा, तुमचे मागच्या आठवड्याचे राह्यले."